शनीची पन्नास कडी

हे मी सांगणार, तुम्ही माना डोलावणार, आणि विश्वास एकाचाही बसणार नाही. चालेल. माझ्यावर विश्वास ठेवून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, माझं तर नाहीच नाही. पण त्या संध्याकाळी मी तिथे होतो आणि दोरी माझ्याच हातात होती. एका संध्याकाळी बासष्ट माणसांनी दुर्बिणीतून शनीचं कडं पाहिलं, वा वा केलं, एका बाईंनी तर डोळे पुसले... आणि दुर्बिणीच्या तोंडावरचं टोपण कुणी काढलेलंच नव्हतं.

हसू नका. पुढे प्रेम आहे.

आधी माणसं सांगून टाकतो, म्हणजे मधेच हा कोण आणि ती कोण असं विचारायला नको. आमचं आकाशदर्शन मंडळ. सभासद कागदावर बावीस, हजर सहा. अध्यक्ष आमचे सर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, पण मैदानाकडेच्या खोलीची किल्ली शाळेनं अजून त्यांच्याकडेच ठेवली होती. चिटणीस माझा भाचा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांच्या इमारतींच्या पोटात तेलकट हातांनी लोंबकळायचं आणि संध्याकाळी साबणानं हात घासून आकाशाकडे तोंड करायचं, हा त्याचा संसार. दुर्बीणही त्यानंच केलेली. नळकांडं पाडलेल्या इमारतीतल्या हवेच्या पाइपचं, आरसा सात महिने हातानं घासलेला. मी सात म्हणतो. माझी बहीण सात वर्षं म्हणते, कारण ज्या पिंपाभोवती गोल गोल फिरत तो काच घासायचा ते पिंप तिच्या स्वयंपाकघरात होतं.

आणि मी मामा. मला आकाशातलं काही कळत नाही. चंद्र ओळखतो. माझं काम रांगेचं. दोरी धरायची, लोकांना पुढे सरकवायचं आणि त्यांना कंटाळू द्यायचं नाही. हे शेवटचं काम मी इतक्या मन लावून करतो की काही लोक नंबर आल्यावर पुन्हा मागे जाऊन उभे राहतात.

तर शनिवार, संध्याकाळचे सव्वासात. शाळेचं मैदान. भाच्यानं शनी पकडला, दुर्बीण नीट बसवली. तेवढ्यात सरांचं भाषण सुरू झालं. सरांचं भाषण म्हणजे पृथ्वी कशी तयार झाली इथपासून. मैदानात धूळ फार, म्हणून भाच्यानं आरशाची काळजी करत टोपण लावून ठेवलं. भाषण संपेपर्यंत तो टोपण विसरला, मी भाषण विसरलो आणि रांग सुरू झाली.

मैदानातून पलीकडच्या रस्त्याला जायची जवळची वाट होती. त्या वाटेनं एक मुलगी भराभरा आली. खांद्याला पिशवी, चाल अशी की वाटेत भिंत आली असती तर भिंत सरकली असती. आडवी आली माझी दोरी.

मी म्हटलं, "ताई, रांग इकडून आहे."

"मला रांगेत नाही यायचं. मला घरी जायचंय."

"दोन मिनिटांत शनी बघून जा. घर कुठे पळून चाललंय?"

ती थांबली. रांगेच्या शेपटापर्यंत एकदा बघून म्हणाली, "मग शनी कुठे पळून चाललाय?"

मला उत्तर इतकं आवडलं की मी तिला उचलून चालू रांगेच्या अगदी पुढे उभं केलं. मागच्यांनी माझ्या घराण्याचा जो उद्धार केला तो सोडा.

ती वाकली. बाकीचे चार सेकंद बघून वा म्हणत. ही बघतच राहिली. मग सरळ झाली.

"काही दिसत नाहीये."

भाच्याच्या हातात लाल कागद लावलेली बॅटरी. आमच्यात पांढरा दिवा चालत नाही, डोळे दिपतात. त्या लाल उजेडात तो तिला समजावू लागला, "दिसेल. दुसरा डोळा मिटा."

"मिटलाय."

"जरा वेळ द्या, डोळा अंधाराला सरावायला..."

"सरावलाय. काळं आहे. आणि आकाशाचं काळं नाही हे. दार लावून घेतल्यावर असतं तसलं काळं आहे."

"आत्तापर्यंत बासष्ट जणांनी पाहिलंय," भाचा जरा दुखावून म्हणाला. "सगळे वा म्हणाले."

"लोक म्हणतात. माझ्याकडे तर रोज म्हणतात."

भाच्यानं दुर्बिणीच्या टोकाकडे हात नेला. हात तिथेच थांबला. तोंड लाल झालं की नाही ते कळायला मार्ग नव्हता, सगळेच लाल होते.

दुसरा कुणी असता तर त्यानं गुपचूप टोपण काढून खिशात घातलं असतं. मी असतो तर वरून ग्रहण लागलं होतं म्हणून सांगितलं असतं. हा शहाणा रांगेकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "मंडळी, चूक माझी. टोपण राहिलं होतं. ज्यांनी पाहिलं त्यांनी कृपा करून पुन्हा या."

एकही परत आला नाही. येणार कसा? एक आजोबा तर जाता जाता म्हणाले, "मला दिसलं होतं बुवा," आणि ते आजही तसंच म्हणतात.

"तुम्ही तरी बघा आता," भाचा तिला म्हणाला.

"आता नाही, उशीर झालाय." पण ती निघेना. "टोपण काढल्यावर तरी लोकांना दिसतंय का, हे तुम्हाला कळणार कसं?"

"विचारीन ना."

"विचारून कळत नसतं. माणूस खुर्चीत बसला की त्याला पास व्हायचं असतं." तिनं पिशवीतून एक कार्ड काढलं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं मोठं वर्तुळ काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "जे दिसलं ते यात काढायला सांगा. तोंडानं काही बोलू देऊ नका."

आणि गेली. कार्ड उलटवून बघितलं तर चष्म्याच्या दुकानाचं. डोळे तपासणारी होती.

सर मात्र पार खचले होते. खोलीत मोडक्या बाकावर बसले, पृथ्वीच्या गोलावर हात ठेवला आणि म्हणाले, "बंद. जाहीर कार्यक्रम बंद. बासष्ट माणसांना आपण टोपण दाखवलं. यापुढे आपण सहा जण डोंगरावर जाऊ, शांतपणे बघू, शांतपणे परत येऊ."

"नाही," भाचा म्हणाला.

मंडळाच्या नऊ वर्षांत त्यानं सरांना नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. सरांनीही नव्हतं. त्यांनी गोलावरचा हात काढला.

"आकाश काय सहा जणांचं आहे का, सर? अजून तीन शनिवार शनी संध्याकाळचा दिसेल. तीन शनिवार द्या."

सरांनी गोल एकदा पुरता फिरवला. मग म्हणाले, "तीन दिले. एका संध्याकाळी पन्नास माणसांनी त्या वर्तुळात खरं कडं काढून दाखवलं, तर चालू. पन्नासाला एक जरी कमी पडला, तरी किल्ली शाळेला परत. आणि खरंखोटं तू ठरवायचं नाहीस, मीही नाही. तुझा मामा तर मुळीच नाही."

मग ठरवणार कोण? भाच्याच्या हातात अजून ते कार्ड होतं. त्यानं दुसऱ्या दिवशी फोन केला. मी शेजारीच होतो. "हॅलो... मी... म्हणजे काल... मी टोपणवाला," असं म्हणाला. पलीकडे ती इतकी हसली की माझ्या बहिणीनं आतून विचारलं, कोण आलंय.

पहिल्या शनिवारी ती आली. टेबल मागितलं, पेन्सिली मागितल्या, एक लाल बॅटरी मागितली आणि बसली. माणूस दुर्बिणीकडून निघाला की थेट टेबलाशी. वर्तुळात काढा, मग घरी जा. मी मधे गोष्ट सांगायला लागलो तर म्हणाली, "मामा, तुम्ही बोललात की लोक तुमची गोष्ट काढतात." तेव्हापासून मी तोंडात रुमाल धरून दोरी ओढली.

शेवटी कार्डं पसरली. काय एकेक चित्रं. एकानं रेघा रेघा काढलेल्या, त्या त्याच्या स्वतःच्या पापण्या. एकानं बटण. एकीनं ढगासारखं काहीतरी आणि त्यावर बाण करून लिहिलेलं, 'हेच का?' पंच्याऐंशी कार्डांत खरी कडी चौदा.

भाचा चौदा कार्डं हातात धरून उभा. मला वाटलं संपलं. ती मात्र ती चौदा कार्डं त्याच्याकडून घेऊन पुन्हा पुन्हा बघत होती.

"यातली दहा लहान मुलांची आहेत," ती म्हणाली. "मोठ्यांना का नाही दिसत? ही दुर्बीण जुळवतं कोण?"

"मी."

"तुमचे डोळे कधी तपासलेत?"

"माझे? मी आकाश बघतो."

"म्हणूनच विचारतेय. सोमवारी दुकानात या."

सोमवारी मी बरोबर गेलो. मला डोळ्यांचं काही नव्हतं, पण असल्या वेळी घरात बसवत नाही. दुकान लांबट. दोन्ही भिंतींवर चष्मेच चष्मे, आत शिरलं की दोनशे जण आपल्याकडे बघताहेत असं वाटतं. पांढरेफटक दिवे. काउंटरपाशी एक मुलगी काच पुसत उभी. भाचा तिला अदबीनं म्हणाला, "मला डोळे तपासणाऱ्या मॅडमना भेटायचंय."

"मीच ती."

अहो, त्यानं तिला दोन शनिवारी पाहिलं होतं, पण दोन्हीदा लाल. पांढऱ्या उजेडात हा पहिलाच प्रसंग.

"तुम्ही... लाल होतात," भाचा म्हणाला.

"तुम्हीही होतात," ती म्हणाली. "आत चला."

आतली खोली अंधारी, बिनखिडकीची. एक उंच खुर्ची आणि समोर उजळलेली अक्षरं. मी बाहेरच्या बाकावर. दार अर्धं उघडं होतं. बंद असतं तरी मी ऐकलं असतं.

"शेवटची ओळ वाचा."

"ती ओळ आहे?"

"आहे. त्याच्या वरची?"

"तुम्ही म्हणताय तर तीही असेल. धरून चालतो."

"धरून चालू नका. दिसत नसेल तर नाही म्हणा. इथे वा म्हणायचं नसतं."

मग त्याच्या नाकावर ती जड गोल चौकट चढली आणि तिच्यात एकेक भिंग पडू लागलं. खट. खट.

"पहिलं स्पष्ट, की दुसरं?"

"दुसरं."

"दुसरं, की तिसरं?"

"तिसरं... पुन्हा एकदा विचाराल?"

"कळलं नाही?"

"कळलं. तुम्ही विचारता ते ऐकायला बरं वाटतं."

आत एक भिंग ट्रेमध्ये पडल्याचा आवाज झाला. मी बाकावर जरा पुढे सरकलो.

"रोज चाळीस जणांना मी हेच विचारते," ती म्हणाली.

"मग चाळीस जण सुखी आहेत."

"अंधारात बरंच बोलता येतं की तुम्हाला."

"सवय आहे. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की दाराबाहेरून बोलत राहावं लागतं, नाहीतर माणूस घाबरतो. समोरचा दिसत नसला की मला जमतं."

"मग दिवा लावू?"

"नको."

तिनं दिवा लावला. भाचा असा गप्प झाला की मला वाटलं जीभही तपासायला दिली.

नंबर निघाला उणे पावणेदोन, दोन्ही डोळ्यांचा. तो कागदावर लिहिताना तिचा हात मधेच थांबला. "तुम्ही किती वर्षं दुर्बीण जुळवताय?"

"नऊ."

"आणि स्वतःच्या डोळ्यानं बघून जुळवता."

"मग कुणाच्या डोळ्यानं जुळवू?"

ती त्याच्या समोरच्या स्टुलावर बसली. हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या डोळ्याला स्पष्ट होईल असं जुळवलंत, की ते तुमच्यासारख्याच डोळ्यांना स्पष्ट दिसतं. लहान मुलांचे डोळे लवचीक असतात, ते सांभाळून घेतात. पण चाळिशी ओलांडलेल्यांना नुसतं धुकं दिसतं."

"म्हणजे नऊ वर्षं मी..."

"धुकं दाखवलंत. आणि लोक वा म्हणत गेले."

मी बाहेरून बघत होतो. माझ्या भाच्याचा चेहरा असा मी एकदाच पाहिलाय, लहानपणी त्याचा पतंग तारेवर गेला होता तेव्हा. मला वाटलं आता हा उठेल आणि सरांना सांगून येईल, घ्या तुमची किल्ली. तो उठला. चष्म्यांच्या भिंतीपाशी गेला आणि म्हणाला, "यातली कुठली चौकट लवकर तयार होईल?"

"गुरुवारी."

"बुधवारी द्या."

"गुरुवारी सकाळी. काच घासायला वेळ लागतो, हे मी तुम्हाला सांगायचं का?"

गुरुवारी तो सकाळी नाही, कामामुळे दिवे लागायच्या वेळी पोचला. तिनं चष्मा त्याच्या डोळ्यांवर बसवला, मागून दोन्ही काड्या कानांवर नीट केल्या. बोटं कानामागे जरा जास्त वेळ राहिली. काडी वाकडी होती म्हणे.

"टोचतंय?"

"नाही."

"सैल आहे?"

"नाही."

"मग श्वास का धरून ठेवलाय?"

त्यानं श्वास सोडला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. समोरच्या इमारतीवर आकाश अजून निळसर होतं आणि त्यात दोनतीन तारे. तो वर बघायला लागला तो बघतच राहिला. इतका वेळ, की रस्त्यावरची माणसं थांबून वर बघू लागली, बस थांबली, बसमधले उतरून वर बघू लागले. बरं, बस थांबली नव्हती. पण माणसं थांबली होती.

"हे टोकदार आहेत," तो म्हणाला.

ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली. "कोण?"

"तारे. मला वाटायचं ते असेच असतात. कापसासारखे. मी नऊ वर्षं लोकांना तसंच सांगत आलो." मग तो वळला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमच्या गालावर तीळ आहे."

"सव्वीस वर्षं तिथेच आहे."

"मला आज दिसला."

हातातला काच पुसायचा रुमाल तिनं घडी घातला, उलगडला आणि पुन्हा घडी घातला.

दुसऱ्या शनिवारी भाच्यानं चष्मा लावून दुर्बीण जुळवली. खरी कडी एकतीस. सरांनी भुवई वर केली, पण एकतीस म्हणजे पन्नास नव्हेत. आता अडलं होतं ते चष्मेवाल्यांचं. चष्मा लावून दुर्बिणीला डोळा भिडत नाही. काढला तर दिसत नाही, म्हणून ते जुळवायचा खुंट फिरवत. त्यांना दिसे, मागच्याला धुकं. मागचा उलटा फिरवी, त्याच्या मागच्याला धुकं. सगळी संध्याकाळ नुसती खुंटाची ओढाताण.

पुढचा आठवडाभर तो रोज दुकान बंद व्हायच्या सुमारास तिकडे. विषय एकच, रांग. मला विचाराल तर विषय दोन होते, पण बोलणं एकावरच चाले. काउंटरवर शंभर चष्मे मांडून ते रांगा लावत बसत. चौथ्या दिवशी ती उठून उभी राहिली.

"लोकांना आले तसे उभे करायचंच नाही. नंबरानं उभे करायचे. जास्त उणेवाले पहिले, मग कमी उणेवाले, मग बिनचष्म्याचे, मग अधिकवाले. खुंट एकाच दिशेनं जाईल, दर माणसाला केसभर फिरवला की झालं."

भाचा तिच्याकडे बघत राहिला. "हे नऊ वर्षांत कुणाला सुचलं नाही."

"नऊ वर्षांत तुम्ही दुकानात कुठे आलात?"

तिसरा शनिवार. शेवटचा. साडेसहालाच मैदान भरलं. ती रांगेतून फिरत होती. प्रत्येकाचा चष्मा काढून घ्यायचा, हात लांब करून त्यातून शाळेची पाटी बघायची, चष्मा जरा हलवायचा आणि बोटानं जागा दाखवायची. तुम्ही पुढे. तुम्ही मागे. लग्नाला तीस वर्षं झालेली जोडपी फुटली. नवरा पहिल्या दहात, बायको शेवटून तिसरी. एक काका म्हणाले, "इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती." त्यांच्या बायकोनं मागून ऐकलं. घरी काय झालं असेल ते मी सांगत नाही.

सुरू करायच्या आधी भाचा तिच्या टेबलाशी आला. लाल बॅटरी, नवा चष्मा, त्यात तिचं छोटं लाल प्रतिबिंब.

"आज पन्नास झाले नाहीत तर..."

"तर काय?"

"किल्ली जाईल. कार्यक्रम बंद. मग शनिवारी तुम्ही... म्हणजे तुम्हाला इकडे यायचं काही कारणच..."

"ही बॅटरीही विझवू का? म्हणजे वाक्य पुरं होईल."

त्याचं तोंड उघडलं. तेवढ्यात सर आले, हातात किल्ली घेऊन, आणि वाक्य राहिलं. माझ्या लक्षात आलं की या पोराचं काय लागलंय पणाला. मंडळ गेलं तर शनिवार गेला आणि शनिवार गेला तर ती गेली, कारण आपण होऊन पांढऱ्या उजेडात तो तिला काही विचारेल असं या जन्मी वाटत नव्हतं.

रांग सुरू झाली. भाचा खुंटाशी, दर माणसाला केसाएवढा फिरवत. माणूस वाकायचा, थांबायचा, आणि वा म्हणायच्या ऐवजी श्वास आत घ्यायचा. मला तो आवाज नवा होता. मग टेबलाशी जाऊन वर्तुळात एक गोळा आणि त्याभोवती तिरपं कडं. एक. दोन. सात. सोळा. सर तिच्यामागे उभे राहून मोजत होते. तिनं चौघांची कार्डं बाजूला ठेवली, कारण कडं गोळ्याला चिकटलेलं होतं, मधली काळी फट नव्हती. "शेजाऱ्याचं बघून काढलंय," म्हणाली. तेविसावा होता एक आडदांड ट्रकवाला. बघून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "हे रोज असतं वर?" मी असतं म्हटलं. तो म्हणाला, "मग मी रोज कुठे बघतो?" एकतीस. अडतीस. शेहेचाळीस.

आणि पश्चिमेकडून ढग आला.

साधा ढग नव्हता तो. मी पुष्कळ ढग पाहिलेत. हा असा होता की त्याच्यावर इमारत बांधता आली असती. सत्तेचाळीस. भाचा खुंट सोडून स्वतः माणसांना खांद्याला धरून पुढे आणू लागला. अठ्ठेचाळीस. ढगाची कड शनीपासून चार बोटं. एकोणपन्नासावं कार्ड एका आजींनी काढलं, कडं असं देखणं की सरांनी ते उचलून पुन्हा पाहिलं.

मग अंधार. शनी आत गेला. मागे अजून चाळीस माणसं उभी होती, पण सर घड्याळ बघत होते. अर्ध्या तासात शनी इमारतींमागे जाणार होता.

"एकोणपन्नास," सर म्हणाले.

भाचा म्हणाला, "अजून एक माणूस आहे. हिनं अजून पाहिलेलंच नाही. तीन शनिवार ही लोकांची कार्डं बघतेय."

खरंच होतं ते. ती टेबलामागून उठली, दुर्बिणीशी आली, वाकली. ढग. ती वाकलेलीच राहिली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. भाचा शेजारी उभा, हात खुंटावर, आणि त्याच्या चष्म्यात तो काळा ढग. हळूच म्हणाला, "दिसल्याशिवाय दिसलं म्हणू नका. माझ्यासाठीसुद्धा नाही."

"मी तुमच्यासाठी असं कधी करीन, असं वाटलं तुम्हाला?" तीही हळूच म्हणाली. डोळा दुर्बिणीवरच होता.

आता मला राहवेना. मी दोरी टाकली आणि रांगेपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, मंडळी, सगळे मिळून वर बघा, छाती भरून घ्या आणि मी तीन म्हटलं की फुंकर मारा. एक. दोन. तीन. चाळीस माणसांनी फुंकर मारली. झाडांची पानं हलली, सरांची टोपी उडाली आणि तो ढग, मी या डोळ्यांनी पाहिलं, मधोमध फाटला. फटीत शनी. ती श्वास आत घेऊन म्हणाली, "दिसलं." टेबलाशी धावली, वर्तुळात कडं काढलं, पन्नास पुरे झाले. सरांनी किल्ली भाच्याच्या हातात दिली, सरांचे डोळे भरले, आणि भाच्यानं सगळ्या रांगेदेखत, अगदी खणखणीत आवाजात तिला विचारलं, की बाई गं, जन्मभर माझ्या...

"मामा."

आवाज दुर्बिणीच्या बाजूनं आला. तुम्ही, आजच्या या रांगेतले सगळे, वळलात, मीही दोरी हातात धरून वळलो. ती रांगेतून चष्मे तपासत येत होती, हातात कुणाचा तरी जाड भिंगांचा चष्मा.

"ढग फाटला नव्हता, मामा. आणि पन्नासावं कार्ड तुम्ही काढलं होतंत, माझ्या नावानं. मी ते फाडून टाकलं."

रांगेतली एक दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "मग पन्नास झालेच नाहीत?"

"नाही झाले," ती म्हणाली. "एकोणपन्नासच झाले. सरांना म्हटलं, शनी मावळू दे, गुरू उगवेल. त्याचे चंद्र काढायला लावू आणि पुढच्या शनिवारी पुन्हा एकपासून मोजू. सरांनी किल्ली परत खिशात टाकली." तिनं हातातला चष्मा ज्याचा त्याला दिला आणि दुर्बिणीपाशी खुंट धरून उभ्या असलेल्या माणसाकडे मानेनं खूण केली. "आणि ह्याला म्हटलं, आपण शनिवारपर्यंत कशाला थांबायचं?"